पत्र्याला वळण लावताना

घरात एखादा जुना तांब्याचा हंडा असेल तर त्याच्या पोटावरून एकदा बोट फिरवून पाहा. लांबून तो गुळगुळीत दिसतो, पण बोटाला बारीक बारीक खळगे लागतात, एकाशेजारी एक, अगदी ओळीने. ते तांबटाच्या हातोडीचे ठसे. या कामाला मठारकाम म्हणतात आणि पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते आजही चालते. हे ठसे नुसत्या शोभेचे नव्हेत. ठोके खाऊन तांबे कडक होते, म्हणून भरलेला हंडा कडेवर घेतला तरी चेपत नाही. कारागिराच्या दृष्टीने मठार म्हणजे भांड्याला दिलेले बळ.

आता या हंड्याचा आणि विमानाचा काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध फार जवळचा आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे एखादे विमान पुन्हा उभे करायचे ठरले, की इंजिन मिळते, चाके मिळतात, काचा नव्याने करून घेता येतात. अडते ते अंगावरच्या पत्र्यापाशी. नाकाचा गोलावा, इंजिनावरचे झाकण, पंख जिथे अंगाला मिळतो तिथली खोलगट वळणे, पंखाचे टोक हे तुकडे बाजारात मिळत नाहीत. ते हातानेच घडवावे लागतात. मग विमानाची पदवी घेतलेला माणूससुद्धा लाकडी मोगरी आणि वाळूची पिशवी घेऊन बसतो, आणि तांबटाचा मुलगा बाराव्या वर्षी जे शिकायचा ते चाळिशीत शिकू लागतो.

बेंगळूरला गेलेल्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी मुलांना एच.ए.एल.चे विमान संग्रहालय दाखवले असेल. २००१ साली ते सुरू झाले. तिथे ‘मारुत’ विमानाजवळ उभे राहिले, की हात लावू नका असे मुलांना सांगता सांगता मोठ्यांचाच हात पुढे जातो. पत्र्यावरच्या रिव्हेटच्या रांगा बोटांना लागतात. या कारखान्याची जन्मकथा आपल्या सीमाभागाला गोड वाटावी अशी आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद आणि कन्नड मुलखातले म्हैसूर संस्थान यांनी मिळून डिसेंबर १९४० मध्ये तो काढला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याला जागा आणि पाठबळ मिळवून दिले. पुढे महायुद्धात तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीचे मोठे ठाणे झाला. पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमाने शेजारच्या बेळ्ळंदूर तलावात उतरत आणि तिथून दुरुस्तीला येत. आजचा तो तलाव पाहणाऱ्याला हे खरे वाटणार नाही, पण खरे आहे.

जुनी विमाने जिवंत करण्याची आपल्या देशातली सर्वांत थोर कामगिरीही याच कारखान्याच्या नावावर आहे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची अमेरिकी बनावटीची बी-२४ ‘लिबरेटर’ विमाने कानपूरला उभी होती. चार इंजिने, पंखांचा पसारा ११० फूट. उसनवारीच्या करारातली ही विमाने परत नेणे परवडणारे नव्हते, म्हणून ती पुन्हा उडू नयेत अशा बेताने त्यांची मुद्दाम मोडतोड केली गेली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला मोठे बॉम्बफेकी विमान हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा एच.ए.एल.ची माणसे कानपूरला गेली. बेंगळूरपर्यंत पोचण्यापुरती एकेक विमानाची डागडुजी त्यांनी जागेवरच केली आणि वैमानिक जमशेद मुन्शी ती एकामागून एक उडवत दक्षिणेत घेऊन आले. अशी सुमारे चाळीस विमाने आली, बेंगळूरला त्यांची पुरी दुरुस्ती झाली आणि १९४८ च्या नोव्हेंबरपासून ती आपल्या हवाई दलात दाखल होऊ लागली. १९६८ पर्यंत ती वापरात होती. समुद्रावर टेहळणीचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले.

ज्या अमेरिकेने युद्धकाळात अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बांधली, तिथे ती भंगारात गेली. आज जगात जी थोडी उरली आहेत त्यांतली बरीचशी भारतीय हवाई दलातून गेलेली आहेत. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात, अमेरिकेत टूसॉन इथे आणि कॅनडाच्या ओटावात ती पाहायला मिळतात. भारतातून गेलेल्या आणखी एका लिबरेटरची अमेरिकेत अनेक वर्षे दुरुस्ती होऊन ते १९८९ मध्ये पुन्हा आकाशात गेले. कानपूरच्या उकिरड्यावरून निघून इतक्या लांब पोचलेल्या त्या विमानांना बेंगळूरच्या कामगारांचे हात लागले होते, ही गोष्ट तिथल्या पाट्यांवर असो वा नसो, आपल्याला ठाऊक असलेली बरी.

साचे गेले, हात उरले

मग ज्या कारखान्यांनी ही विमाने बांधली त्यांनी हे वळणदार पत्रे कसे केले? तिथे प्रत्येक तुकड्यासाठी कुणी मोगरी घेऊन बसले नव्हते. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्यातून १९४४ मध्ये ऐन भरात दर ६३ मिनिटांना एक लिबरेटर बाहेर पडत होते. एकेका विमानात तीन लाखांहून अधिक रिव्हेट. इतक्या वेगात हाताचे काम चालणारच नाही. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूचा खालचा साचा ओतत, त्यावर पत्रा ठेवत आणि वरून जड घण सोडत. चार-सहा दणक्यांत पत्रा साच्यात बसे. पंखाच्या पुढच्या कडेसारखे लांब तुकडे प्रचंड यंत्रांत दोन्ही टोकांना धरून ताणून काढत.

युद्ध संपले आणि विमानांआधी साचे वितळवले गेले. जस्ताला भाव होता, साठवायला जागा नव्हती, आणि कुणाला पुढे लागतील असे कुणाच्या डोक्यातही आले नाही. त्यामुळे आज एका विमानासाठी नाकाचा एक तुकडा हवा असेल, तर त्याच्यासाठी नवा साचा ओतणे कुणालाच परवडत नाही. ज्या कामातून हात काढून टाकण्यासाठी यंत्रे आणली, ती यंत्रे गेल्यावर काम पुन्हा हाताकडेच आले.

हाताने घडवायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते स्वयंपाकघरातून सांगितले तर लवकर कळेल. कागदाची सुरळी होते, पण कागदाने नारळ झाकू म्हटले तर सुरकुत्या पडतात. पत्र्याचेही तसेच. विमानाच्या अंगाचा मधला भाग सुरळीसारखा असतो, पत्रा नुसता एका दिशेला वाकवला की काम झाले. याला एकेरी वळण म्हणू. पण नाकापाशी पत्रा दोन्ही दिशांना वळतो, नारळासारखा. त्या दुहेरी वळणासाठी पत्रा वाकवून भागत नाही. कुठेतरी तो ताणून मोठा करावा लागतो, नाहीतर कुठेतरी आक्रसून लहान करावा लागतो. पत्रा घडवण्याची सारी विद्या या दोन क्रियांत आहे. बाकी सगळा सराव.

ताणणे म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, किंवा जोळद रोट्टी. थापत गेले की गोळा पसरतो आणि पातळ होतो. वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून मोगरीने ठोकले की तिथला पत्रा पातळ होऊन खाली जातो, खळगा पडतो. पिठाला पाणी कमी पडले तर भाकरीच्या कडा फाटतात, तशा पत्र्याच्याही फाटतात. म्हणून कापलेली कड आधी कानस लावून, घासून गुळगुळीत करतात. कडेवरची केसाएवढी खाच पुढे चिरेची सुरुवात ठरते.

आक्रसणे म्हणजे लुगड्याच्या निऱ्या. वाटीच्या आकाराला कडेपाशी पत्रा जास्त होतो. तिथे चिमटा घेऊन चुणी पाडायची आणि ती चुणी टोकाकडून हळूहळू ठोकून पत्र्यातच जिरवायची. कापडाची निरी उलगडता येते, पत्र्याची जिरवलेली चुणी उलगडत नाही. तेवढा पत्रा तिथे जाड होऊन बसतो. मात्र ठोकताना चुणी अंगावर दुमडली तर तो तुकडा गेला. दुमडलेल्या जागी चीर येणारच. नवशिक्यांचे सर्वांत जास्त पत्रे इथेच वाया जातात, कारण ताणणे कुणालाही जमते, ठोकायला काय लागते! आक्रसायला धीर लागतो.

शिकणाऱ्याला पहिल्यांदा बहुधा एक उथळ वाटी करायला देतात. ती जमली असे वाटले की तशीच दुसरी करायला सांगतात. दुसरी वाटी पहिलीवर बसत नाही, तेव्हा खरे शिक्षण सुरू होते. विमानात उजवी बाजू आणि डावी बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असावी लागते, तेव्हा ‘साधारण तसेच’ इथे चालत नाही.

पिशवीवरून निघालेला तुकडा खळगे पडलेल्या रस्त्यासारखा दिसतो. तांबट इथे मठारकाम करून ठसे ओळीत आणतो आणि ठेवतो. विमानाचा कारागीर मात्र तो शेवटचा ठसाही घालवतो, कारण वाऱ्याला खळगे चालत नाहीत. त्यासाठी त्याचे आवडते यंत्र म्हणजे ‘इंग्लिश व्हील’. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची उंच लोखंडी चौकट, वर एक सपाट चाक, खाली किंचित फुगीर चाक. दोहोंच्या मध्ये पत्रा धरायचा आणि पुढे-मागे सरकवायचा. ना वीज, ना मोटार. प्रत्येक फेरीत पत्रा चाकांखालच्या अरुंद पट्ट्यात अगदी थोडा पातळ होतो, म्हणजेच ताणला जातो. पट्टे एकमेकांवर थोडे थोडे चढवत न्यायचे, शेत नांगरावे तसे. खालचे चाक जितके फुगीर तितके वळण खोल. पत्रा मोठा असेल तर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावा लागतो, आणि दोघांची चाल एक नसली की पत्रा लगेच सांगतो.

पत्रा सांगतो कसा? आवाजाने आणि हाताने. उंचवटे डोळ्यांना दिसण्याआधी तळव्याला कळतात. अनेक जण त्यासाठी हातात सुती मोजा घालतात. मोज्यातून उंचवटा अधिक स्पष्ट लागतो. आणि मधला भाग वाजवीपेक्षा जास्त ताणला गेला असेल, तर घासलेटच्या डब्याचा तळ दाबल्यावर जसा ‘टुबुक’ आवाज होऊन आत-बाहेर होतो, तसा पत्रा करू लागतो. मधे पत्रा जास्त आणि कडेला जागा कमी, म्हणून तो दोन्हीकडे उडतो. नवखा माणूस मधेच आणखी ठोकतो आणि दुखणे वाढवतो. जाणता माणूस मधल्या भागाला हातही लावत नाही, कडा ताणून त्याला जागा करून देतो. दोष जिथे दिसतो तिथेच असतो असे नाही, हे पत्रेकामात रोज पाहायला मिळते.

धातूचा स्वभाव

इथवर तांबट आणि विमानाचा कारागीर हातात हात घालून आले. आता वाट वेगळी होते. तांबे कडक झाले की भट्टीत लाल करायचे, ते पुन्हा मऊ होते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळेपर्यंत लाल दिसतच नाही. आता लाल होईल, मग होईल, असे म्हणत ज्योत धरून ठेवली की डोळ्यांदेखत पत्र्याला भोक पडते.

यावरची युक्ती कारागिरांनीच शोधली आहे. ॲसिटिलीनची नुसती धुरकट ज्योत फिरवून पत्रा आधी काजळीने काळा करायचा. मग ऑक्सिजन सोडून स्वच्छ ज्योतीने सगळीकडे सारखी ऊब द्यायची. काजळी उडून गेली की पत्रा मऊ झाला, ज्योत बाजूला. काही जण काजळीऐवजी साबणाची रेघ ओढतात आणि ती काळी पडली की थांबतात. कंदिलाच्या काचेवरची काजळी पाहिलेल्या पिढीला हे लगेच पटेल. इंजिनाच्या झाकणासाठी आणि वळणदार पट्ट्यांसाठी वापरतात त्या मऊ जातीच्या पत्र्यांना ही युक्ती उत्तम.

परंतु जो पत्रा विमानाचा भार वाहतो तो मऊ जातीचा नसतो, आणि तिथे काजळीवर काम भागत नाही. त्याची गोष्ट जर्मनीत सुरू होते. आल्फ्रेड विल्म नावाचा धातुतज्ज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून प्रयोग करीत होता. १९०६ साली त्याने एक नमुना तापवून पाण्यात विझवला, कडकपणा मोजला आणि शनिवार-रविवारची सुट्टी घेतली. परत येऊन मोजले तर काहीही न करता नमुना अधिक कडक झाला होता! धातू नुसता पडून राहून बळकट होतो हे तेव्हा कुणाच्या ऐकिवात नव्हते. त्यातून ‘ड्युरालुमिन’ निघाले आणि लाकूड-कापडाच्या विमानांची जागा धातूच्या विमानांनी घेतली. पुढे या जातीच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊ लागले, कारण मिश्रधातू बळकट असला तरी खाऱ्या हवेत लवकर सडतो. १९३५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालेले डी.सी.-३, ज्याला आपण डाकोटा म्हणतो, ते याच प्रकारच्या पत्र्याचे. अंगावरचा हा पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटरचा.

हा पत्रा घडवायचा तर मऊ अवस्थेत घडवतात, मग भट्टीत सुमारे ४९३ अंशांपर्यंत तापवतात आणि काही सेकंदांत पाण्यात बुडवतात. तापमान थोडे जरी वर गेले तरी आतले काही कण वितळू लागतात आणि पत्रा कायमचा बाद होतो. बाहेरून तो चांगलाच दिसतो, हीच अडचण. पाण्यातून निघाल्यावर थोडा वेळ तो मऊ असतो आणि बहुधा वाकडाही झालेला असतो. तेवढ्या वेळात त्याला पुन्हा वळणावर आणायचे. नंतर चार दिवसांत तो आपोआप कडक होतो. याच जातीच्या रिव्हेटही अशाच. पाण्यातून काढल्यावर काही मिनिटांत ठोकल्या तर बसतात, नाहीतर त्या बर्फात ठेवाव्या लागतात. युद्धकाळात विमान कारखान्यांत रिव्हेटसाठी शीतपेट्या असत त्या याचसाठी.

रिव्हेट ठोकणे हे जोडीचे काम. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा लावून धरतो. मधे पत्रा, त्यामुळे एकमेकांचे तोंड दिसत नाही आणि आवाजात बोलणे ऐकू येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या असतात. आतल्याने एकदा टकटक केले तर ठोक, दोनदा केले तर चांगली बसली, तीनदा केले तर बिघडली, काढून टाक. न भांडता चूक सांगायची ही रीत घरात आणायला हरकत नाही.

दिसायला बरोबर

विमानाचा पत्रा म्हणजे मोटारीच्या बॉनेटसारखे झाकण नव्हे. डाकोटा किंवा लिबरेटरमध्ये उड्डाणाचा भार आतल्या सांगाड्याइतकाच अंगावरचा पत्रा वाहतो. तो निकामी झाला तर सांगाडा एकटा टिकत नाही. म्हणून इथे देखणेपणाला दुसरा नंबर. जुना पत्रा उघडला की आतून पांढरी भुकटी दिसते, कधी पत्रा पुस्तकाच्या पानांसारखा थराथराने फुगलेला असतो. वरून रंग देऊन तो वर्षभर छान दिसेल. पण माणसे आत बसणार असतील, तर तो कापून टाकावाच लागतो.

त्यामुळे शिकणाऱ्याच्या अंगी बाणवावे लागतात ते नियम सौंदर्याचे नसतात. पत्र्यावर कापण्याची रेघ सोडून दुसरी कोणतीही रेघ सुईने ओढायची नाही, कारण ओरखडा म्हणजे भावी चीर, फेल्टपेन वापरायचा. शिसपेन्सिलही नको, तिच्या ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम सडते. लोखंडावर वापरलेली हातोडी ॲल्युमिनियमवर वापरायची नाही, लोखंडाचे कण रुतून बसतात. रिव्हेटचे भोक कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट आत हवे. ठिगळ मूळ पत्र्याइतक्या जाडीचे किंवा एक पायरी जाड हवे, पातळ कधीही नको. आणि सगळे करून झाल्यावर परवानाधारक अभियंत्याने तपासून सही केल्याशिवाय विमान हलत नाही. तासन् तास खपून केलेला तुकडा त्याने बाजूला ठेवला तर तो बाजूलाच राहतो. तांबटाचा हंडा गळला तर कल्हईवाल्याकडे जातो; इथे दुसरी संधी असेलच असे नाही.

इथून एक वाद सुरू होतो, आणि तो जगभर चालू आहे. विमान उडवायचे तर जुना पत्रा काढावा लागतो. काढत काढत शेवटी जुने काय उरले? ब्रिटनमधली काही स्पिटफायर विमाने अशी आहेत की त्यांत मूळ विमानाची ओळखपट्टी आणि थोडे तुकडे जुने, बाकी सगळे नवे. उलट अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘फ्लॅक-बेट’ नावाचे बी-२६ विमान आहे. युद्धात त्याने दोनशेहून अधिक मोहिमा केल्या आणि त्याच्या अंगाला हजाराहून अधिक भोके पडली. युद्धभूमीवर घाईघाईत मारलेली ती ठिगळे तिथे जशीच्या तशी जपली आहेत. ते विमान आता उडणार नाही, आणि उडू नये. माझे मत विचाराल तर एकुलते एक विमान असेल तर त्याला हात लावू नये, आणि दहा असतील तर त्यांतले एखादे जरूर उडावे. उडणाऱ्या विमानामुळेच मोगरीची विद्या जिवंत राहते. जपून ठेवलेल्याला रोज नवा पत्रा लागत नाही.

आपल्याकडे याचे ताजे उदाहरण आहे. काश्मीर वाचवण्यासाठी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमाने श्रीनगरला सैन्य घेऊन उतरली, हे शाळेत वाचलेले असते. कर्नाटकातून राज्यसभेवर गेलेले राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डाकोटा चालवत. भंगारात निघालेले एक जुने डाकोटा मिळवून चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते कॉव्हेंट्रीहून निघाले आणि मुक्काम करत करत जामनगरला उतरले. ४ मे २०१८ रोजी हिंडन इथे ते हवाई दलाला देण्यात आले. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक, श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या विमानाचा. अभिमान वाटतोच. पण दुरुस्ती सातासमुद्रापार करावी लागली, हेही मनात येते. ज्या देशाने कानपूरच्या उकिरड्यावरून लिबरेटर उठवली, त्या देशात आज जुन्या विमानाचा पत्रा घडवणारे किती हात असतील?

हात नाहीत असे मात्र नाही. ते विखुरलेले आहेत. आयटीआयमध्ये ‘शीट मेटल वर्कर’चा अभ्यासक्रम आहे. हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि आपल्याच गावांतली मुले-मुली तिथे कामाला जातात. सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. आणि कोणत्याही गॅरेजमधला मुरलेला डेंटर घ्या. चेपलेल्या मडगार्डचा ताणलेला पत्रा लाल करून, ओल्या फडक्याने विझवून कसा आक्रसायचा, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. त्याला ॲल्युमिनियमचा स्वभाव समजावून दिला तर निम्मी वाट त्याने आधीच चाललेली असते. तांबटांची मुले मात्र या कामाकडे पाठ फिरवत आहेत, आणि भांड्यांचा भाव पाहता त्यांना दोष देता येत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांनी वर्षातून आठ दिवस एखाद्या तांबटाला मानधन देऊन बोलावले, तर मुलांना काय मिळेल ते लिहून सांगण्यापेक्षा करून पाहावे.

घरी करून पाहायचे असेल तर फार काही लागत नाही. एक मिलिमीटर जाडीचा मऊ ॲल्युमिनियमचा वीतभर पत्रा, तोंड गोल घासलेली लाकडी मोगरी, आणि जाड कापडाच्या दुहेरी पिशवीत घट्ट बांधलेली कोरडी वाळू. कडा आधी घासून घ्या, हातात मोजे आणि कानात बोळे घाला. कडेपासून सुरुवात करून गोल फिरत मध्याकडे या. ठोके हलके ठेवा, मोगरी आपल्या वजनानेच पडू द्या. पहिली वाटी बेढब होईल; तिच्यात पक्ष्यांना पाणी ठेवता येते. दुसरी करताना पहिली शेजारी ठेवा. आणि हे सगळे दुपारी दोन ते चार सोडून करा, शेजारचे आजोबा झोपलेले असतात.